नानांच्या अर्ध्या गोळ्या आणि राऊचा प्लॉट

नमस्कार,

आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. घरात सासरे (वय ७४), सासूबाई (६९), यजमान, मी (४६) आणि बारावीत शिकणारा मुलगा. यजमान सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात नोकरी करतात, महिन्याला ३८ हजार हातात येतात. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. ते हुकुमचंद मिलमध्ये होते. मिलची थकबाकी मिळाली तेव्हा त्यांनी चार लाखांची एफडी केली आणि 'ही नातवाच्या शिक्षणाची, हिला कोणी हात लावायचा नाही' असे बजावले. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. गेल्या महिन्यात रात्री एकाएकी दम लागला म्हणून जवळच्या खाजगी रुग्णालयात नेले. सहा दिवसांचे बिल १ लाख ८६ हजार झाले. एक लाख आमच्या बचतीतून दिले, पुण्याच्या दिरांनी ३० हजार पाठवले आणि उरलेल्या ५६ हजारांसाठी माझे दागिने सराफ्यात ओळखीच्या व्यापाऱ्याकडे महिना दोन टक्के व्याजाने ठेवले.

डॉक्टर म्हणाले की मूत्रपिंडाचे काम कमी झाले आहे आणि अँजिओग्राफी करून बहुधा स्टेंट घालावा लागेल. नंतर मेडिकलवाल्याकडून कळले की नाना वर्षभर महिन्याच्या चिठ्ठीवर पंधराच दिवसांच्या गोळ्या नेत होते आणि एक दिवसाआड घेत होते. महिन्याला २७०० रुपयांच्या गोळ्या लागतात. वाचलेले पैसे ते नातवाच्या क्लासच्या फीसाठी सासूबाईंकडे देत होते. आता यजमान इंदूरजवळच्या राऊ गावातला प्लॉट विकायला निघाले आहेत. तो नानांच्या आणि यजमानांच्या नावावर आहे, दलाल बयाणा घेऊन यायचे म्हणतो. नाना म्हणतात, माझ्यावर आता एक पैसा घालू नका. दीर म्हणतात, तुम्ही ठरवाल ते. म्हाताऱ्या माणसाच्या उपचारावर किती खर्च करावा? असा हिशेब मनात येतो, हे पाप आहे का? माझीही एक सोनोग्राफी राहिली आहे, पाच-सहा महिने पाळी लांबते आहे आणि आली की पंधरा-पंधरा दिवस जाते, पण ते हे सगळे आटोपल्यावर पाहू. उत्तराची वाट पाहते.

— एक सून, इंदूर

ताई,

तुमच्या पत्रात नानांविषयी, बिलाविषयी आणि प्लॉटविषयी सविस्तर लिहिलेले आहे, स्वतःविषयी मात्र एकच वाक्य आहे आणि तेही जाता जाता लिहिलेले. मी उत्तराची सुरुवात त्याच वाक्यापासून करते, कारण या सगळ्यात मला तातडीचे तेच वाटते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी इतके महिने असा रक्तस्राव होत असेल, तर त्यामागे पाळी जाण्याच्या आधीचे संप्रेरकांचे बदल असू शकतात, फायब्रॉइडच्या गाठी किंवा थायरॉइडचा दोष असू शकतो, आणि क्वचित गर्भाशयाच्या अस्तरातील गंभीर विकाराची ती पहिली खूणही असू शकते. यांपैकी नेमके काय आहे ते अंदाजाने कळत नाही. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि गरज वाटल्यास अस्तराचा नमुना तपासून कळते. 'हे सगळे आटोपल्यावर' असे तुम्ही लिहिले आहे, पण नानांचे आजारपण आटोपणारे नाही. मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार हे जन्मभर सांभाळायचे आजार आहेत, आणि ते सांभाळण्याचे काम घरात तुमच्याकडेच येणार आहे. तेव्हा या आठवड्यात एक सकाळ काढून महाराजा तुकोजीराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या एमटीएचमध्ये, स्त्रीरोग विभागात जा. शासकीय रुग्णालयात रांगेचा त्रास होतो हे खरे, परंतु या तपासण्यांचा खर्च बाहेरच्या मानाने फारच थोडा येतो. यजमानांच्या कारखान्याचा सामूहिक विमा आहे का, त्यात पत्नीचे नाव आहे का आणि जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ लावलेला आहे का, हे त्यांनी कार्यालयात विचारून घ्यावे. सामूहिक विम्यात ही अट बऱ्याचदा नसते, आणि उद्या एखादी शस्त्रक्रिया सांगितली गेलीच तर त्या एका उत्तराने मोठा भार हलका होईल.

तुम्ही सोनोग्राफी पुढे ढकलली आणि नानांनी गोळ्या निम्म्या केल्या, या दोन्ही गोष्टींमागचा विचार एकच आहे: घरात पैसा कमी आहे, तर तो माझ्यावरून कमी होऊ दे. तुमच्या घरात माया भरपूर आहे, हे यातून मला दिसते. पण ही काटकसर अशा जागी होते आहे जिथे ती सर्वांत महाग पडते, आणि ती एकमेकांपासून लपवून होत असल्यामुळे तिचा हिशेब कोणीच करत नाही. तो मी इथे मांडते. नाना महिन्याला साधारण १३५० रुपये वाचवत होते. सहा दिवसांचे बिल १ लाख ८६ हजार झाले. तेवढ्या पैशांत २७०० रुपयांच्या पूर्ण गोळ्या जवळजवळ पावणेसहा वर्षे आल्या असत्या. शिवाय ५६ हजारांवर दोन टक्क्यांनी महिन्याला ११२० रुपये व्याज जाते, म्हणजे नाना जे वाचवत होते त्यातले बहुतेक आता नुसत्या व्याजात चालले आहे. गोळ्या पूर्ण घेतल्या असत्या तर दम लागलाच नसता, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि मीही सांगत नाही, पण वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची सर्वांत मोठी दोन कारणे आहेत, आणि दोन्ही कारणे वर्षानुवर्षे काहीही दुखू न देता आपले काम करत राहतात. काही दुखत नाही म्हणूनच ही गोळी टाळणे सोपे जाते.

आता एक गोष्ट, जी मी आग्रहाने सांगते आहे आणि जिला एक रुपयाही लागत नाही. नाना वर्षभर निम्म्या गोळ्या घेत होते, हे डॉक्टरांना आजच सांगा. डॉक्टरांनी औषधाची मात्रा ठरवली असेल ती नाना सर्व गोळ्या नियमाने घेतात असे धरून. पूर्ण औषध घेऊनही साखर आणि रक्तदाब आवरत नाही असे वाटून त्यांनी मात्रा वाढवलेलीही असू शकते. आता तुम्ही सर्वजण काळजीपोटी त्यांना ती वाढलेली मात्रा दररोज देऊ लागलात, तर साखर किंवा रक्तदाब एकदम खाली जाऊन चक्कर येणे, पडणे, बेशुद्ध होणे असे प्रकार होऊ शकतात. मूत्रपिंडाचे काम कमी झाल्यावर मधुमेहाच्या काही गोळ्यांचे प्रमाण बदलावेच लागते, तेही डॉक्टरच ठरवतील. सासरे रागावतील म्हणून हे लपवू नका. त्याच भेटीत नाना गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी मेडिकलवरून दुखण्याची गोळी परस्पर आणून घेतात का, हेही विचारा आणि सांगा. या वयाच्या माणसांत ही सवय फार आढळते, आणि डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आधीच कमजोर झालेल्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात.

त्या २७०० रुपयांकडेही एकदा नीट पाहू या. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि ती घेऊन जनऔषधी केंद्रात जा. ही योजना २००८ पासून चालू आहे, आणि तेथील औषधे नामांकित ब्रँडच्या तुलनेत साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची नेहमीची औषधे तिथे असतातच. जनऔषधी सुगम या ॲपवर जवळचे केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतात. इंदूरची बरीच कुटुंबे दवा बाजारातून औषधे आणतात; तेथे सवलत मिळते हे खरे, पण ब्रँड तोच राहिला तर फरक मर्यादित राहतो. चिठ्ठीवर एखादे महाग औषध असेल तर त्याचे पेटंट संपले आहे का, हेही डॉक्टरांना विचारण्यासारखे आहे. मधुमेहासाठी दिले जाणारे आणि हृदय व मूत्रपिंडासाठीही उपयोगी ठरलेले एम्पाग्लिफ्लोझिन बरेच महाग असे. मार्च २०२५ मध्ये त्याचे पेटंट संपले आणि अनेक भारतीय कंपन्यांनी ते बरेच कमी किमतीत आणले. जुनी चिठ्ठी तशीच चालू राहिली तर जुनीच किंमत भरत राहावे लागते. आपल्या देशात आरोग्यावरील एकूण खर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला आहे. तरीही रोजची औषधे आणि बाह्यरुग्ण तपासण्या हा खर्च बहुतेक विमा आणि शासकीय योजनांच्या बाहेरच राहतो. म्हणूनच या बाबतीत घरानेच जागरूक राहायला हवे.

मोठ्या खर्चाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे तुमच्यासाठी एक दार उघडे आहे ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. आयुष्मान योजना गरिबांची, पिवळ्या कार्डवाल्यांची, असा आपल्या नोकरदार घरांत समज आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिला पात्रतेच्या अटी होत्या, परंतु २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, तिचा लाभ मिळतो. त्यासाठी वय वंदना कार्ड काढावे लागते, आणि त्याला आधार पुरते. कार्ड आयुष्मान ॲपवरून घरबसल्या काढता येते, किंवा योजनेतील रुग्णालयात आयुष्मान मित्राच्या खिडकीवरही निघते. कुटुंबातील सत्तरीपुढच्या सदस्यांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचा रुग्णालयातील उपचार विनामूल्य होतो, आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस यांचा औषध-तपासण्यांचा खर्चही त्यात येतो. अँजिओप्लास्टी (म्हणजे स्टेंट घालण्याची प्रक्रिया) आणि डायलिसिस दोन्ही त्यात आहेत. गेल्या महिन्यात भरलेले पैसे यातून परत मिळणार नाहीत, त्याची हळहळ आता करू नका. पुढच्या भरतीआधी कार्ड हातात असले पाहिजे, एवढेच पाहा. दोन गोष्टी मात्र आधी विचारून ठेवा. एखादे रुग्णालय योजनेत असले तरी सर्वच विभागांसाठी असेल असे नाही, म्हणून 'हृदयरोगासाठी आणि मूत्रपिंडासाठी तुमची नोंद आहे का' असा नेमका प्रश्न करा. आणि पॅकेजमध्ये बसणाऱ्या उपचारासाठी वरून पैसे मागितले गेले, तर १४५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

अँजिओग्राफी आणि स्टेंटविषयी मी डॉक्टरांच्या जागी बसून काही सांगणार नाही. पण तुम्ही त्यांना काय विचारावे, हे सांगणे माझे काम आहे. पहिला प्रश्न असा की ही गोष्ट आज-उद्या करायलाच हवी अशी आहे, की नानांची प्रकृती स्थिर असून विचार करायला काही आठवडे आहेत. झटका आलेला असेल किंवा येऊ घातला असेल, तर तातडीच्या अँजिओप्लास्टीने जीव वाचतो, तिथे वेळ घालवू नये. मात्र स्थिर रुग्णाची गोष्ट निराळी असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्कीमिया नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात पाच हजारांहून अधिक रुग्ण होते, स्थिर हृदयविकाराच्या रुग्णांत सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत आणि आधी औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यूच्या किंवा झटक्याच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. ज्यांना छातीत वारंवार दुखत होते त्यांना त्रास कमी झाला, हा फायदा मात्र दिसला. हृदयाची क्षमता फारच कमी झालेले रुग्ण त्या अभ्यासात घेतले नव्हते, त्यामुळे नानांना तो निष्कर्ष लागू होतो की नाही, हे त्यांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहूनच कळेल. दुसरा प्रश्न मूत्रपिंडाचा. अँजिओग्राफीत जे रंगद्रव्य सोडतात ते कमजोर मूत्रपिंडावर ताण आणू शकते, म्हणून तारीख ठरवण्याआधी मूत्रपिंडतज्ज्ञांचे मत घेतले आहे का, हे विचारा. आणि तिसरा, स्टेंट घातल्याने नानांच्या रोजच्या जगण्यात काय बदलेल: दम कमी लागेल, जिना चढता येईल, की फक्त रिपोर्ट सुधारेल?

हे प्रश्न घेऊन दुसरे मतही घ्या. एम.जी.एम. मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हृदयरोग आणि मूत्रपिंड दोन्हींचे तज्ज्ञ आहेत, आणि तिथे कोणाला नानांच्या बिलात रस नाही, ही त्या मताची मोठी जमेची बाजू आहे. त्यासाठी आधीच्या रुग्णालयातून सर्व कागद मागून घ्या: डिस्चार्जचा कागद, इको, ईसीजी, क्रिएटिनीनचे (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचे) सर्व रिपोर्ट आणि बाबवार बिल. रुग्णाने मागितल्यावर त्याची नोंद ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेतही बाबवार बिल मिळण्याचा, दुसरे मत घेण्याचा आणि औषधे कुठून घ्यायची ते ठरवण्याचा हक्क नोंदलेला आहे. पुढे कधी स्टेंट घालावाच लागला आणि तो रोखीने घालावा लागला, तर त्याच्या वेष्टनावरची किंमत आणि बिलातली किंमत ताडून पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली तेव्हा औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली होती; त्याआधी तो लाखाच्या आसपास विकला जात असे. त्यानंतर ही मर्यादा वेळोवेळी बदलत गेली असली तरी ती आजही आहे. कागद मागताना संकोच वाटू देऊ नका. नातेवाइकाने शांतपणे, हात जोडून का होईना, बिलाची प्रत्येक बाब वाचणे म्हणजे अविश्वास नव्हे.

आता पैशाच्या मांडणीकडे येते. दलालाकडून बयाणा आत्ता मुळीच घेऊ नका. कार्ड निघाले आणि सुपर स्पेशालिटीतील मत हाती आले, की पुढचा खर्च पाच लाखांचा आहे की पाच हजारांचा हे कळेल, आणि तोपर्यंत प्लॉट विकण्याचे कारणच उभे राहत नाही. आजारपणाच्या घाईत जमीन विकणाऱ्याला भाव कमी मिळतो, हे तुमच्यापेक्षा दलालाला चांगले माहीत आहे. आधी सोडवायचे ते सराफ्यातले दागिने. महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. बँकेचे सोनेतारण कर्ज साधारणपणे याच्या निम्म्याहूनही कमी दराने मिळते. त्याहून सोपा मार्ग नानांच्या एफडीत आहे, आणि तिथे एफडी मोडण्याचीही गरज नाही. बहुतेक बँका एफडीवर, तिच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के अधिक दराने, कर्ज देतात. त्यातून सराफ्याचे ५६ हजार फेडले तर दर महिन्याचे व्याज अकराशेवरून चारशे-पाचशेच्या आसपास येईल, दागिने घरी येतील आणि नातवासाठीची एफडी नातवासाठीच राहील.

यासाठी नानांची सही लागेल, आणि सहीपेक्षाही आधी त्यांचे मन लागेल. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांची थकबाकी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागली. चाळिशीत घामाने मिळवलेला पैसा ज्याला सत्तरी उलटल्यावर हातात मिळाला, त्या माणसासाठी ती रक्कम बँकेतल्या चार लाखांपेक्षा कितीतरी मोठी आहे. अनेक सोबत्यांच्या नशिबी तर तो दिवस पाहणेही आले नाही, हे त्यांच्या मनात असणारच. 'गोळ्या का चोरल्यात' अशा सुरात बोलणे सुरू झाले तर ते गप्प होतील आणि पुढच्या वेळी अधिक नीट लपवतील. त्यांना घरातले कर्ते म्हणून विचारा. वही आणि पेन त्यांच्यापुढे ठेवा, १३५० आणि ११२० हे दोन आकडे त्यांनाच लिहू द्या, आणि औषधांचा महिन्याचा हिशेब यापुढे त्यांनीच ठेवावा, असे यजमानांनी सुचवावे. 'माझ्यावर पैसा घालू नका' हे त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, पण ते कोणत्या माहितीवर म्हणत आहेत हेही पाहिले पाहिजे. आपल्या उपचारासाठी प्लॉट जाणार, नातवाचे शिक्षण जाणार, अशा समजुतीने ते नकार देत आहेत. कार्डामुळे स्टेंटचा खर्च घरावर येणार नाही आणि नातवाच्या पुढच्या शिक्षणासाठी बँक शैक्षणिक कर्ज देते, हे कळल्यावरही त्यांना स्टेंट नको असेल, तर तो त्यांचा निर्णय आहे आणि तुम्ही सर्वांनी तो मानावा. मात्र रोजच्या गोळ्यांच्या बाबतीत मी त्यांना इतकी मोकळीक देणार नाही. त्या बंद केल्याने पैसा वाचत नाही, हे त्यांच्याच शरीराने गेल्या महिन्यात दाखवले आहे.

तुमचा पापाचा प्रश्न मी मुद्दाम इथपर्यंत ठेवला. उपचाराचा खर्च विचारणे, तो घराला झेपेल का हे पाहणे, दोन उपचारांतला स्वस्त कोणता आणि स्वस्त असूनही पुरेसा कोणता हे शोधणे, यात पाप नाही. जो माणूस महिन्याच्या शेवटी घर चालवतो त्याने हे केलेच पाहिजे. किती खर्च करावा याचा आकडा मी देऊ शकत नाही, कोणीच देऊ नये, पण एक कसोटी सांगते. ज्या खर्चाने नानांचे दुखणे कमी होईल, त्यांना चालता-फिरता, जेवता-बोलता येईल, त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी काढावे. ज्या खर्चाने त्यांना काही मिळत नाही, पण 'आम्ही काही कमी केले नाही' असे नातेवाइकांना सांगता येते, तो टाळावा. मोठ्या रुग्णालयात ठेवले की आपले कर्तव्य पूर्ण झाले, असे मानून घरे विकलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना नंतर खंत वाटली ती पैशाची नव्हती, रुग्णाला काय हवे होते हे कोणी विचारलेच नाही याची होती. तुम्ही विचारत आहात, त्यामुळे त्या वाटेवर तुम्ही नाही.

राहिले दीर. 'तुम्ही ठरवाल ते' हे उत्तर सोयीचे असते, पण त्यांनी मागितल्याबरोबर ३० हजार पाठवले आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी मनात अढी ठेवू नका. दूर राहणाऱ्याला नेमके काय करायचे ते कोणी सांगितलेले नसते. येत्या रविवारी यजमानांनी नानांच्या समोर बसून त्यांना फोन करावा आणि मोघम मदत न मागता एक ठरलेले काम द्यावे. नानांच्या औषधांची महिन्याची रक्कम, जी जनऔषधीतून घेतल्यावर बरीच कमी होईल, ती दरमहा एका तारखेला त्यांनी थेट पाठवावी. सर्व रिपोर्टांचे फोटोही त्यांना पाठवा, म्हणजे पुण्यात एखाद्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे असेल तर ते घेऊ शकतील. जे काय ठरेल ते यजमानांनी एका कागदावर लिहून सर्वांना पाठवावे. भावाभावांत पैशाचा विषय आठवणीवर सोडला की दोन वर्षांनी दोघांच्या आठवणी निरनिराळ्या निघतात.

आणि सासूबाईंना एकदा जवळ घेऊन बसा. नानांनी दिलेले पैसे ठेवून घेताना ते कुठून येतात हे त्यांना ठाऊक असेल तर त्या गेला महिनाभर मनात काय घेऊन वावरत असतील, याची कल्पना करा, आणि ठाऊक नसेल तर हे कळल्यावर त्यांना आधार लागेल. त्यांची स्वतःची साखर आणि रक्तदाब शेवटचे कधी तपासले, हेही विचारा. जवळच्या संजीवनी क्लिनिकमध्ये ही तपासणी विनामूल्य होते आणि औषधही मिळते. त्यांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख पाहून ठेवा, म्हणजे सत्तर पूर्ण होताच त्यांचेही वय वंदना कार्ड काढता येईल.